दोनशे चाळीस वजा बारा

फ्रेम १

शुक्रवारी रात्री दहा ते बारा गच्चीवरचा दिवा बंद ठेवावा, एवढी एका ओळीची विनंती घेऊन हजेरीवाला वसाहत समितीच्या बैठकीला गेला आणि सलग चाळीस मिनिटं बोलला.

कारखान्यानं आपल्या माणसांसाठी बांधलेली ती चार मजली इमारत. डावा जिना, उजवा जिना आणि वर दोन्हींत मिळून एक गच्ची. हजेरीवाला डाव्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर राहायचा. कारखान्यात तो सगळ्यांची हजेरी मांडायचा, त्यामुळे आईबापांनी ठेवलेलं नाव केव्हाच मागे पडलं होतं. अकरा मिनिटं उशिरा आलेल्याची अर्धी रजा तो मान वर न करता कापायचा. "आलो होतो हो मी, कार्ड टाकायचं राहिलं," असं कुणी काकुळतीला येऊन सांगितलं की तो चष्म्यावरून बघायचा आणि म्हणायचा, "नोंद नाही म्हणजे माणूस नव्हता."

अशा माणसाला ताऱ्यांचा नाद लागला यात नवल काही नव्हतं. तारे वेळेवर येतात.

"फिरते पृथ्वी, पण फोटोत तारे फिरतात," तो समितीला सांगत होता. "कॅमेरा एका जागी घट्ट उभा करायचा. अर्ध्या मिनिटाचा एक फोटो, असे लागोपाठ दोनशे चाळीस. मग कॉम्प्युटरवर सगळे एकावर एक ठेवायचे. अर्ध्या मिनिटात तारा जेवढा सरकतो तेवढी बारीक रेघ. दोनशे चाळीस रेघा जोडल्या की कमान. मधे ध्रुवतारा, भोवती कमानीच कमानी."

"आणि मधलेच चारदोन फोटो नसले तर?" टर्नरनं विचारलं. टर्नर म्हणजे कारखान्यातला लेथवाला, उजव्या जिन्यातला. त्याला ताऱ्यांशी काही घेणंदेणं नव्हतं. घरी नळाला पाणी नव्हतं, म्हणून घरी जायची घाई नव्हती.

"तर प्रत्येक कमान तिथं तुटते. लपत नाही. आकाशाचं हजेरीपुस्तक आहे ते," हजेरीवाला अभिमानानं म्हणाला.

हे वाक्य त्यानं जपून वापरायला हवं होतं.

सचिवानं इतका वेळ डोळे मिटले होते. ते आता उघडले. सचिव कारखान्यात स्टोअरकीपर होता आणि स्क्रू मोजावेत तसे शब्द मोजायचा. "फोटोत टाकी येते?"

"डाव्या कोपऱ्यात. नुसतं आकाश घेतलं तर चित्र अधांतरी वाटतं."

"व्हॉल्व्ह?"

"दिसेल. का?"

का, ते अख्ख्या खोलीला ठाऊक होतं. गेलं वर्षभर कुणीतरी रात्री गच्चीवर जाऊन उजव्या जिन्याचा व्हॉल्व्ह बंद करत होतं. सकाळी उजव्या जिन्याचे नळ कोरडे, डाव्या जिन्याचे भरभरून. वर्षभरात दोन जिन्यांमधलं बोलणं बंद झालं होतं, मुलांचं खेळणं बंद झालं होतं. गच्चीला कुलूप लावून पाहिलं, तर कुलपाची किल्ली डाव्या जिन्यात हवी की उजव्या, यावर दोन बैठका गेल्या. शेवटी दोन्हीकडे एकेक दिली आणि चोराची सोय झाली. डावीकडची किल्ली हजेरीवाल्याच्या दाराआड खिळ्याला टांगलेली असे, कारण गच्चीवर तोच जास्त जायचा.

"दिवा बंद ठेवू," सचिव म्हणाला. "रविवारी चित्र समितीपुढं मांडायचं."

"अहो, पण ते ताऱ्यांचं..."

"मंजूर."

फ्रेम ३१

हजेरीवाल्याला चोराशी काही कर्तव्य नव्हतं. त्याला दोन तासांचं अखंड चित्र हवं होतं, बस्स. खगोल मंडळाच्या प्रदर्शनाचा नियमच तसा होता: दोन तास, अखंड. सोमवार शेवटचा दिवस. चार वर्षांत त्यानं तीनदा प्रयत्न केला होता. पहिल्यांदा कॅमेऱ्याची बॅटरी दगा देऊन गेली. दुसऱ्यांदा काचेवर दव बसलं. तिसऱ्यांदा सगळं जमून आलं आणि कॅमेऱ्याशेजारी उभ्या असलेल्या हजेरीवाल्यालाच शिंक आली. सगळं आकाश एकदम गचका खाऊन उडालं. चार वर्षांत त्यानं आकाशाचे सहा हजार फोटो काढले होते आणि पूर्ण चित्र एकही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तो कॅमेऱ्याची काच पुसत बसला होता आणि बाहेर नेहमीचा बाजार भरला होता. उजव्या जिन्यातल्या बायका बादल्या घेऊन त्याच्या दारात. डाव्या जिन्यातलं दुसरं कुठलंही दार त्यांना उघडत नसे. त्याची बायको मात्र नळाला लांब पाइप लावून एकेक बादली भरून द्यायची. बादली भरायला तीन मिनिटं लागतात. पाच बादल्या, पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं तिथं हसणं चालायचं, कुणाच्या सुनेची गोष्ट, कुणाच्या गुडघ्याची. बायकोचा तो आवाज घरात कधी ऐकू यायचा नाही. हजेरीवाल्याला त्या कालव्याचा त्रास व्हायचा. तो दार लोटून घ्यायचा.

"वहिनी, आता चोर सापडतोय बरं का," टर्नरची बायको सांगत होती. "भाऊंचा कॅमेरा टाकीवर नजर ठेवणारे. आमचे हे सांगत होते."

"हो का?" बायको म्हणाली. "बादली सरकवा जरा."

"तुम्ही आहात म्हणून, नाहीतर आमच्या तोंडाला पाणी लागलं नसतं."

"एवढं काय त्यात. उद्या या हं."

"उद्या कशाला लागेल आता? आज रात्री पकडतील की त्याला."

बादली भरून वाहायला लागली तेव्हा टर्नरच्या बायकोनंच पाइप बाजूला केला.

फ्रेम ६०

रात्री जेवताना बायकोनं विचारलं, "किती वाजता लावणार?"

हजेरीवाल्याचा घास हातात राहिला. चार वर्षांत तिनं त्याच्या कॅमेऱ्याबद्दल विचारलेला हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न कॅमेरा घरात आला त्या दिवशीचा: माझा काढाल का एक? त्यानं तेव्हा सांगितलं होतं, ही लेन्स माणसांची नाही.

"दहाला. बाराला संपणार."

"समोर येईल ते सगळं उतरतं त्यात?"

"सगळं. फक्त हलायला नको. अर्धा मिनिट एका जागी राहिलं तर दिसतं. हललं की धूर."

"माणूससुद्धा?"

"माणूस काय, काहीही. पण माणूस कशाला येतोय तिथं?" मग त्याला चोर आठवला. "आला तरी तो काही स्थिर उभा राहायचा नाही. धूरच दिसणार. त्या सचिवाला एवढंही कळत नाही." आणि मग तो ध्रुवताऱ्यावर घसरला तो दही संपेपर्यंत परतलाच नाही. बायको ऐकत होती. निदान बघत तरी होती.

फ्रेम ८८

शिंकेचा अनुभव गाठीशी होता, म्हणून या खेपेला तो कॅमेऱ्याजवळ थांबणार नव्हता. दहाच्या ठोक्याला त्यानं कॅमेरा सुरू केला, पाय न वाजवता जिना उतरला आणि तळमजल्यावर वीजमीटरांच्या पेटीसमोर खुर्ची टाकून बसला. गच्चीच्या दिव्याचं बटण त्या पेटीत होतं. कुणी सवयीनं दाबायला आलं तर हात धरायचा, अशी तयारी.

उजव्या जिन्यातून टर्नर उतरला. चोर पकडायचा म्हणून त्याला झोप नव्हती.

"वर जाऊन लपून बसू का?"

"पाऊल टाकलंस तर स्लॅब हादरेल."

"चोर जाईल तेव्हा नाही हादरणार?"

हजेरीवाल्यानं खुर्ची बटणाच्या आणखी जवळ ओढली. दोघं बारा वाजेपर्यंत बटणाकडे बघत बसले. अकराच्या सुमाराला डाव्या जिन्यात वरच्या बाजूला कुठलंसं दार वाजलं. टर्नर उठला. हजेरीवाल्यानं त्याला शर्ट धरून खाली बसवलं. "स्लॅब," तो म्हणाला.

शनिवारी सकाळी उजव्या जिन्याचे नळ कोरडे होते. वर्षात पहिल्यांदाच कोरडे नळ बघून उजव्या जिन्याला आनंद झाला.

फ्रेम ११२

शनिवारी दुपारी हजेरीवाल्यानं खोलीचं दार लावलं आणि दोनशे चाळीस फोटो एकावर एक ठेवले.

चित्र असं आलं होतं की तो खुर्चीतून उठून उभा राहिला. कमानींच्या आत कमानी, काही निळसर, काही तांबूस, कुठं खंड नाही, कुठं कंप नाही. दोन तासांचं आकाश आणि एकही गैरहजर नाही. चार वर्षं ज्याच्यासाठी घालवली ते हेच.

डाव्या कोपऱ्यात मात्र एक पिवळी रेघ होती. डाव्या जिन्याच्या दारातून निघालेली, टाकीपर्यंत गेलेली, तिथं गुंता करून परत आलेली. बॅटरीचा उजेड. चोर बॅटरी घेऊन आला होता आणि ताऱ्यांसारखीच आपली रेघ ओढून गेला होता.

हजेरीवाल्यानं कपाळावर हात मारला. चोर सापडल्याचा आनंद त्याला शिवलाही नाही. चित्रावर डाग पडला, एवढंच त्याला दिसलं. ती रेघ कुठल्या फोटोंत आहे ते बघायला तो एकेक फ्रेम उघडत गेला. एकशेतेराव्या फ्रेममध्ये दारात उजेड. एकशेचौदामध्ये धूर. पंधरा, सोळा, सतरा, अठरा, सगळा धूर. एकशेएकोणिसाव्या फ्रेममध्ये बॅटरी टाकीच्या कट्ट्यावर ठेवलेली, तिचा उजेड तोंडावर, आणि तोंड स्वच्छ.

बायको.

मग बाहेरच्या खोलीत भांडं वाजलं तसा त्यानं चटकन पडदा काळा केला, जणू पकडला तोच गेला होता.

डाव्या जिन्याला पाणी पुरत होतं. तिला जास्तीचं पाणी नको होतं. मग कशाला? तो एक बेरीज करायला बसला आणि ती बेरीज त्याला फार पटकन जमली. नळ कोरडे, म्हणून बादल्या. बादल्या, म्हणून दारात माणसं. पाच बादल्या, पंधरा मिनिटं. वर्षभर ती रोज रात्री गच्चीवर जाऊन सकाळची पंधरा मिनिटं कमावत होती. आणि तो त्या पंधरा मिनिटांवर दार लोटून घेत होता.

इथं दुसरा कुणी असता तर बाहेरच्या खोलीत गेला असता. भांडला असता, रडला असता, निदान का गं, एवढं तरी म्हणाला असता. हजेरीवाल्यानं बारा फ्रेम निवडल्या.

फ्रेम ११३ ते १२४

(काढून टाकल्या.)

फ्रेम १२५

उरलेल्या दोनशे अठ्ठावीस फ्रेमचं चित्र पुन्हा जुळवलं, तेव्हा पिवळी रेघ गेली होती आणि आकाशातल्या प्रत्येक कमानीला एक दात पडला होता. सगळ्यांना एकाच जागी.

त्यानं परगावी असलेल्या मुलीला फोन लावला. कॉम्प्युटरचं हे सगळं तिनंच त्याला शिकवलं होतं.

"सोपंय बाबा. वरच्या यादीत बघा, 'खंड भरा' असं बटण आहे. मधलं तो अंदाजानं काढतो. कुणाच्या बापालाही कळत नाही."

"अंदाजानं म्हणजे? तारा तिथं होता हे त्याला कसं माहीत?"

"बाबा, तारा आहे तो. सहा मिनिटं कुठं चहाला जाणारे?"

"नोंद नाही."

"मग काढलेतच कशाला ते फोटो?"

"खराब होते."

"आई कशीये?"

"आहे."

बटण त्याला सापडलं. बोट त्यावर दोनदा गेलं. पण तीस वर्षांत त्यानं खोटी हजेरी कुणाचीच मांडली नव्हती, सख्ख्या मेव्हण्याचीसुद्धा नाही. आता ताऱ्यांची मांडायची? ज्या माणसानं स्वतःची बायको पुसताना दोन मिनिटं घेतली नाहीत, तो ताऱ्यांशी खोटं बोलायला तयार होईना. त्यानं तसंच दातपडकं चित्र छापून आणलं.

संध्याकाळी बायकोनं विचारलं, "झालं का चित्र?"

"झालं."

"कसं आलंय?"

"बरंय."

ती पाण्याचा जग हातात धरून उभी होती. "सगळं आलं त्यात?"

"जेवढं हवं तेवढं आलं," तो म्हणाला आणि ताटाकडे बघू लागला. ती अजून थोडी उभी राहिली. मग जग टेबलावर ठेवून आत गेली. जगात पाणी नव्हतंच.

फ्रेम १९०

रविवारी समितीच्या खोलीत एवढी गर्दी कधी झाली नव्हती. दोन्ही जिने हजर होते. सचिवानं चित्र भिंतीला टाचलं. सगळे टाकीकडे बघत होते. आकाशाकडे बघणारा एकटा हजेरीवाला, आणि त्यालाही ते बघवत नव्हतं.

"इथं कुणीच नाही," सचिव म्हणाला.

"कुणी आलंच नसेल," डाव्या जिन्यातून कुणीतरी म्हणालं.

"मग आमचं पाणी काय आपणहून थांबलं?" उजव्या जिन्यातून उत्तर.

टर्नर चित्राजवळ गेला. नाक टेकेल एवढ्या जवळ. मग खिशातून त्यानं व्हर्नियर काढला. ज्या माणसानं पंचवीस वर्षं केसाएवढी फट मोजून पगार घेतला, त्याच्यापुढं हजेरीवाल्यानं फट टांगून ठेवली होती.

"ही कमान कुठं सुरू होते? इथं. संपते इथं. म्हणजे दोन तास." त्यानं व्हर्नियर लावला, ओठ हलवत भागाकार केला. "ही मधली फट. सहा मिनिटं. ही शेजारची बघतो. सहा मिनिटं. तिकडची मोठी. तीही सहा." तो वळला. "साहेब, तुम्हीच सांगितलं होतं ना परवा? लपत नाही म्हणून?"

टर्नरनं पुन्हा व्हर्नियर लावला.

"सुरुवातीपासून मोजलं तर दहा छप्पन ते अकरा दोन. तेव्हा डाव्या जिन्यात दार वाजलं होतं. मी उठलो तर यांनी माझा शर्ट धरून खाली बसवलं. स्लॅब हादरेल म्हणाले."

खोलीत कुजबुज झाली. सचिवानं हात वर केला.

"फोटो काढून टाकलेत?"

"हो."

"का?"

"खराब होते."

"बाराच्या बारा?"

"हो."

"त्यात कोण होतं?"

हजेरीवाल्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "त्या सहा मिनिटांची नोंद माझ्याकडं नाही," तो म्हणाला.

टर्नरनं व्हर्नियर मिटून खिशात ठेवला. या क्षणाची त्यानं किती दिवस वाट पाहिली होती कुणास ठाऊक. "गेल्या वर्षी माझी अकरा मिनिटं गेली होती," तो अगदी मवाळपणे म्हणाला. "बायकोला दवाखान्यात सोडून आलो होतो. तेव्हा तुम्ही मला काय म्हणालात, आठवतं?"

हजेरीवाल्याला आठवत होतं. खोलीतल्या निम्म्या लोकांना पाठ होतं.

समितीला फार वेळ लागला नाही. कॅमेरा याचा, किल्ली याच्या दाराआड, शर्ट यानं धरला, फोटो यानं पुसले. बटणापाशी बसलेला माणूस त्याच वेळी गच्चीवर कसा असेल, असं डाव्या जिन्यातल्या एकानं विचारून पाहिलं. "स्वतःच गेला असं कोण म्हणतंय? कुणाला तरी पाठवलं असणार," सचिव म्हणाला. "सूत्रधार तो सूत्रधारच." ठराव झाला: किल्ली जमा करावी, गच्चीवर पाऊल टाकू नये, दिवा रात्रभर चालू राहावा. चित्र पुरावा म्हणून समितीकडे राहील. सोमवार तसाच गेला.

फ्रेम २४०

उजव्या जिन्याला पाणी सुरू झालं. व्हॉल्व्ह पुन्हा कधी बंद झाला नाही, त्यामुळे हजेरीवाल्यावरचा आरोप दर सकाळी नव्यानं सिद्ध होत राहिला.

बादल्या थांबल्या. बायका थांबल्या नाहीत. आता त्या रिकाम्या हातांनी यायच्या, आणि नळाची घाई नसल्यानं पंधरा मिनिटांचा पाऊण तास व्हायचा.

"कसं काढलंत हो वहिनी तुम्ही? एका घरात? तो वर पाणी तोडणार आणि तुम्ही खाली वाटणार."

"सवय होते," बायको म्हणायची.

"तुम्हाला कळलंच नाही?"

"ते कुठं काय बोलतात घरात."

दाराआड हजेरीवाला रिकामा कॅमेरा पुसत ऐकायचा. हे खोटं नव्हतं. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

आठवडा गेल्यावर एका रात्री त्यानं ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, "मी तुझं नाव घेतलं नाही."

"माहितीये."

"प्रदर्शन गेलं. गच्ची गेली. कारखान्यात आता पोरंसुद्धा मला फट दाखवतात."

"मी सांगितलं होतं पुसायला?"

"मग काय करायला हवं होतं? तुला चव्हाट्यावर आणायचं होतं?"

"घरात यायचं होतं," ती म्हणाली. "त्या खोलीतून या खोलीत. मी शनिवारी दिवसभर वाट बघितली. म्हटलं, आता हा माणूस येईल, ओरडेल. भांडण होईल. संध्याकाळी तुम्ही म्हणालात, बरंय." तिनं त्याचं ताट उचललं. "कॅमेरा आल्यापासून पहिल्यांदा माझे फोटो निघाले होते. बारा. नेमके तेवढेच पुसलेत."

फ्रेम ११९

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या हजेरीवाल्यानं ती फ्रेम आठवून पाहिली. बॅटरी कट्ट्यावर. उजेड तोंडावर. तोंड स्वच्छ.

व्हॉल्व्ह टाकीच्या भिंतीला, आणि टाकी कॅमेऱ्यासमोर. म्हणजे व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाची कॅमेऱ्याकडे पाठ हवी. तोंड दिसत होतं म्हणजे ती वळली होती. धूर झाला नव्हता म्हणजे अर्धा मिनिट हलली नव्हती. बॅटरी तिनं खाली ठेवली, आपल्या तोंडावर वळवली आणि अर्धा मिनिट श्वास धरून उभी राहिली, त्यानंच सांगितलं होतं तशी.

ती हसत होती का, ते त्याला आठवेना. त्यानं उठून कॉम्प्युटर लावला, कार्ड घातलं, एकशेबारानंतर बाण दाबला. एकशेपंचवीस आली.

बाहेर गच्चीवरचा दिवा लख्ख जळत होता. खिडकीतून एकही तारा दिसत नव्हता. पलीकडच्या खोलीत बायको जागी होती की झोपली होती, हे बघायला फक्त दार उघडावं लागलं असतं.

त्यानं मागचा बाण दाबला. एकशेबारा. पुढचा दाबला. एकशेपंचवीस.